आया पसंत आहे

“भागीरथीची लेक यमुना. यमुनेची लेक मंजुळा. मंजुळेची लेक मी, अनसूया. आता तू सांग.”

शारजाच्या रोल्ला भागात घरकामाच्या बायका पुरवणाऱ्या एका एजन्सीत टेबलापुढे उभी असलेली ही पाचवी बाई. आधीच्या चौघी याच प्रश्नावर परत गेल्या होत्या. जिला आई, आजी आणि पणजी यांची नावे सांगता येत नाहीत, तिच्या हाती नात द्यायची नाही, हा अनसूयाबाईंचा दंडक होता. पस्तीस वर्षे शाळा चालवलेल्या बाई. नकार देण्यासाठी त्यांना शब्द लागत नसत. त्यांनी चष्मा काढला की समोरच्याने समजून घ्यावे.

दुसराही एक दंडक होता. शारजाच्या विमानतळावर उतरताच त्यांनी मुलाला, उल्हासला, बजावले होते, “मी पाहुणी म्हणून आले आहे. आया म्हणून ठेवून घ्यायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. महिन्याने मी रत्नागिरीला माझ्या घरी परत जाणार.” आया हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा का कठोर होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सून उर्मिला सारखी घड्याळ पाहत होती. बाळंतपणाची रजा संपली होती. शनिवारी तिला दुबईच्या बँकेत हजर व्हायचे होते. दोन महिन्यांची अस्मी तिच्या मांडीवर झोपली होती.

“आई, मॅनेजर एक दिवससुद्धा वाढवून देणार नाही. आणि हा आयाचा इंटरव्ह्यू आहे, सोयरीक नाही जमवायची!”

“सोयरीक चुकली तर निभावून नेता येते. बाळ चुकीच्या हातात गेलं तर काय निभावशील?”

एजंट खैरुद्दीनने फाइल पुढे सरकवली. “अम्मा, यह नंबर वन है. आपके रत्नागिरी साइड की. शादी नहीं, बच्चा नहीं, कोई झंझट नहीं. चार सौ दिरहम, समझो चार हजार रुपया. दो साल छुट्टी नहीं. तीन महीने की गॅरंटी, पसंद न आये तो बदल के देंगे.”

“बदलून द्यायला ती काय मिक्सर आहे?” अनसूयाबाई म्हणाल्या. “हं, सांग गं.”

“पार्वतीची लेक द्रौपदी. द्रौपदीची लेक सरस्वती. सरस्वतीची लेक मी, शेवंती.” बाई एका दमात बोलली. तिचे ओठ पुन्हा हलले. आणखी एक नाव ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

तेवढ्यात अस्मी जागी झाली आणि टाहो फोडून रडू लागली. कोणी सांगण्याआधीच शेवंतीने तिला उचलले, मानेखाली हात धरला, खांद्यावर घेतले. रडे थांबले.

“परफेक्ट!” उर्मिलाने सुटकेचा श्वास टाकला. “आई, हीच. खलास!”

अनसूयाबाई शेवंतीकडे निरखून पाहत होत्या. शेवंतीच्या निळ्या ब्लाउजवर ओल पसरत चालली होती. शेवंतीने घाईघाईने पदर ओढून घेतला.

“उर्मिला, बाळाला घेऊन उल्हासपाशी बाहेर बस. खैरुद्दीन, तुम्हीही.”

“अम्मा, यह मेरा ऑफिस है...”

“म्हणूनच जाताना दार नीट ओढून घ्या.”

दार लागले.

“बाळ केवढं आहे?”

शेवंतीने मान खाली घातली. “चार महिन्यांची. सासूपाशी टाकून आले. अकरा दिवस झाले.”

“आणि नवरा?”

“बोट बुडाली, बाई. तिकडं पोटाला काही नाही. एजंट म्हणाला, मूल आहे म्हणालीस तर कोणी घेणार नाही.” तिने एकदम पाय धरले. “मला परत पाठवू नका.”

अनसूयाबाईंनी तिला उठवले. चष्मा काढला नाही. दार उघडून त्यांनी सर्वांना आत घेतले.

“आया पसंत आहे. हिचा जो काही खर्च झाला असेल, तो उल्हास देईल. पासपोर्ट माझ्या हातात द्या.”

मालकाने आयाचा पासपोर्ट कुलपात ठेवायचा, ही तिकडची रीतच. खैरुद्दीनने तो खुशीने दिला. अनसूयाबाईंनी तो शेवंतीच्या हातात ठेवला. मग कमरेची पितळी किल्ली काढून पासपोर्टावर ठेवली.

“ही माझ्या रत्नागिरीच्या घराची. नोकरी पक्की, पगार ठरला तोच. माझं पेन्शन तेवढं आहे. सासूलाही तिथेच घेऊन जा. मूल मात्र तुझं सांभाळायचं.”

उर्मिलाचा आवाज चढला. “आणि अस्मी? तिला कोण सांभाळणार?”

“मी. माझं परतीचं तिकीट रद्द करा.”

तीन दिवसांनी उल्हास शेवंतीला विमानात बसवून आला, तेव्हा अस्मी अनसूयाबाईंच्या मांडीवर होती. त्या भिंतीकडे पाहत तिला थोपटत होत्या. अस्मी मोठी होईपर्यंत आपले वय सरेल, आपले घर आता पुन्हा दिसणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

“आई, एवढी कोण लागत होती ती तुझी?” उल्हासने विचारले.

“तुझी आजी मंजुळा तापाने गेली, असं मी तुला सांगत आले. ते खोटं आहे.” थोपटणारा हात थांबला नाही. “भागीरथी आया होती. यमुना आया होती. मंजुळा मला चार महिन्यांची टाकून एका व्यापाऱ्याची मुलं सांभाळायला एडनच्या बोटीत बसली. दोन वर्षांसाठी. तिच्या मनीऑर्डरींवर मी शिकले, शाळेतली बाई झाले. ती कधीच परत आली नाही.”

बाहेरून एक विमान गरजत गेले. अनसूयाबाईंनी मान वर केली.

“आज आली. देणं फिटलं.”