अंगठ्याचं नख

“दाखव अंगठा,” भिमाबाई म्हणाली.

रेणुकानं हात पुढं केला. सासूनं तिच्या नखाची धार आपल्या बोटावर घासून पाह्यली. “बरं हाय. अजून वाढू दे.”

उंद्री गावच्या त्यांच्या वावरात बीटी कपाशीचं बियाणं तयार व्हायचं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी अंगठ्याच्या नखानं सोलायची. आतला पराग खरवडून काढायचा, मधल्या कोवळ्या दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं. दोन महिने, एक दिवसाचाही खाडा नाही. नख नसलेली बाई तिथं काय कामाची!

दीड वर्षाआधी बास्केटबॉलच्या मैदानावर हाच हात पंच तपासायचे. तिथं नख बोटापुढं आलं की मैदानात पाऊल नाही. ती अकोल्याच्या पगारी संघात खेळायची. तो संघ पहिले दोन हंगाम तळाशी होता. तिसऱ्यात रेणुका आली आणि संघ उपांत्य फेरीत गेला. चौथ्यात अंतिम सामना दोन गुणांनी हुकला. पाचव्यात तिला दिवस राह्यले आणि संघ पुन्हा तळाशी. पावणेसहा फुटांची रेणुका आता दिवसभर कमरेत वाकून कळ्या शोधत होती.

वावराच्या कडेला, धुऱ्यावर जीप थांबली. संघाच्या प्रशिक्षक शाइस्ता मॅडम उतरल्या. बाभळीखालच्या झोळीत रेणुकाची सात महिन्यांची पोर झोपली होती. तिच्याकडं त्या क्षणभर पाहत राह्यल्या.

“उद्या पहिला सामना आहे, रेणुका. खेळाडूंची यादी आज संध्याकाळी बंद होते. यंदाही शेवटचे आलो, तर संघच मोडणार आहेत. तू चल.”

“हे काम आटपू द्या, मॅडम,” तिचा नवरा अश्वजित म्हणाला. “मंग पाहू.”

“तोवर हंगामच संपून जाईल, भाऊ.”

“अन् पोरगी? अंगावर पिते ते. तिचं काय?”

हाच प्रश्न रेणुका रोज सकाळी उठल्यापासून स्वतःला विचारायची. तिनं एकदा मॅडमकडं पाह्यलं, एकदा झोळीकडं. मग अंगठा दातांत धरला आणि नख मुळापासून तोडून सरीत थुंकलं.

“काय केलं वं हे?” अश्वजित ओरडला. “डोकं ठिकाणावर हाय का तुयं?”

आवाजानं पोर जागी झाली, रडू लागली. रेणुकाचा पदर दुधानं ओला झाला. तिचा पाय जीपकडं उचलेना. आता ती ना वावराची उरली होती, ना संघाची.

भिमाबाई झोळीपाशी गेली. नातीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं, दोरीवरची लंगोटं खांद्यावर टाकली. आता लेकरू आपल्या हातात येईल आणि सासूचं तोंड सुटेल, म्हणून रेणुका मान खाली घालून उभी राह्यली.

“शेजारच्या मनकर्णाबाईले बलाव हाताखाली,” भिमाबाई लेकाला म्हणाली, “अन् तूबी वाढव आता नख.”

आणि पोरीला घेऊन ती जीपच्या पुढच्या सीटवर चढून बसली.

“बाई,” तिनं मॅडमला विचारलं, “लेकरू भुकेजलं तं शिटी वाजवून खेळ थांबोता येते ना तुमच्यात?”