खोटी झोप

पाच वर्षांची पोर काल शिकलेलं आज विसरू लागली. बालवाडीच्या बाईंची तिसरी चिठ्ठी आली, तसं बापाने तिला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पोर हुशार आहे," तपासून त्या म्हणाल्या. "पण लहान मुलांचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं. झोपते किती?"

"नऊला डोळे मिटते की!"

"खोटे-खोटे मिटते," पोर पुटपुटली.

"का गं बाळा?"

"त्या दिवशी मी खरंच झोपले, आणि उठले तर आईला घेऊन गेले होते. आता बाबांनापण नेतील."

बायको गेली त्या पहाटे, "लेकीला उठवू नका," असं सगळ्यांना हात जोडून बापानेच सांगितलं होतं.