दिवा बघावा

पेटीवरचा आकडा बदलला आणि प्रेमानंद सरांचा चहा हातातच राहिला.

‘‘नदी आटली की सर,’’ पंपघराचा राखणदार लिंगाप्पा म्हणाला. ‘‘मघा नऊशे व्हतं. आता वजा चोवीस हजार पाचशे छत्तीस. वजा म्हंजे रिकामीच न्हवं?’’

छतावर दिवा हिरवा होता. खाली भीमेच्या पात्रात घोट्याएवढं पाणी. लिंगाप्पाची बायको अंबुबाई मेंढरं घेऊन पलीकडं निघाली होती.

पेटी दर पाव तासाला दीड कोस वरच्या पुलावरून पाण्याचं माप घ्यायची, सेकंदाला किती घनफूट वाहतंय ते. ते पाच हजारांवर गेलं की दिवा लाल व्हायचा, भोंगा वाजायचा. प्रोग्राम सरांनीच लिहिलेला, घरच्या संगणकावर, खुल्या, फुकट मिळणाऱ्या कंपायलरवर. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा बांधून देणारं साधन. पेटीत तो बसवला सुनीलकुमारनं, कंपनीतर्फे. सर एकेकाळी त्याला गणित शिकवायचे.

त्यांनी त्याला फोन लावला. ‘‘पेटीतला प्रोग्राम कुठल्या कंपायलरनं बांधलास?’’

‘‘कंपनीच्या विकतच्या, सर. तुमच्या फुकटातल्याला वकिलानं नको म्हटलं. त्यानं बांधला तर प्रोग्रामबी जगाला उघडा करून दाखवावा लागतोय म्हणे.’’

‘‘म्हणे? लायसन्स वाचलं का कुणी? ते कंपायलरपुरतं असतंय. बरं, कंपायलर बदलल्यावर प्रोग्राम तपासलास का?’’

‘‘त्यात काय तपासायचं सर? तुमचा प्रोग्राम. एक अक्षर बदललं न्हाई.’’

सरांनी फोन खाली ठेवला. एक अक्षर बदलायलाच हवं होतं. घरच्या संगणकात आकडा ठेवायला पोतं होतं. या पेटीतल्या कंपायलरनं तिथं मापटं ठेवलं. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर एक दाणा पडला की ते मापटं उलटून थेट वजात जायचं, आणि वजा म्हणजे पेटीच्या लेखी पाच हजारांच्या खालीच. दोन पावसाळे नदी तेवढी चढलीच नव्हती. लाल दिवा वेळेवर लागला, भोंगा वेळेवर वाजला, गावाचा विश्वास बसला.

सरांनी खिळ्यानं भिंतीवर हिशेब मांडला. मापट्याचा पुरा फेरा पासष्ट हजार पाचशे छत्तीसचा, त्यातून चोवीस हजार पाचशे छत्तीस गेले. राहिले एक्केचाळीस हजार.

‘‘वरच्या धरणाची दारं उघडलीत लिंगाप्पा. अर्ध्या तासात पाणी इथं येतंय. भोंगा वाजव.’’

‘‘बटनच न्हाई की त्याला. पेटी सील हाय. चावी कंपनीकडं, बेंगळूरला.’’

लिंगाप्पाला पुढचं सांगावं लागलं नाही. तो धोतर सावरत उतारावरून धावत सुटला. सर काठाशी आले, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, ‘‘अंबुबाई, माघारी फिरा. पाणी यायलंय.’’

ती मधोमध होती. थांबली, वळली, आणि हसली.

दोन वर्षांपूर्वी पोरं उगाच ‘पूर आला’ म्हणून बायकांना पळवायची. तेव्हा सरांनी शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाला बसवून एक धडा घोकून घेतला होता. अंबुबाई पहिल्या रांगेत होती. तिचाच आवाज सगळ्यांत मोठा.

तिनं काठी उचलून छतावरच्या हिरव्या दिव्याकडं दाखवलं, आणि धडा चुकलेल्या पोराला सांगावं तशी म्हणाली,

‘‘माणसाचं ऐकू नये सर. दिवा बघावा.’’

आणि मेंढरं पुढं हाकली.