बोरिवलीची ऑर्डर

नोकरी गेल्यावर घरबसल्या शिकवण्या घेऊन पाहिल्या, मोत्यांच्या माळा ओवून पाहिल्या. चाललं शेवटी ते पितृपक्षातलं जेवण. ऑफिसला जाणाऱ्या सुनांना वेळ नसतो, म्हणून मुलुंडच्या माझ्या स्वयंपाकघरातून वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि खीर असं ताट पार्सल करून पाठवते. सगळं आईने शिकवलेलं. मिहिरशी लग्न केल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, माहेरचं कुणी माझा फोन उचलत नाही, पण हात तिचाच आहे.

आज सकाळपासून एक कावळा खिडकीच्या ग्रिलवर बसून होता. हाकलला तरी जाईना. शेवटी वड्याचा तुकडा पुढे केला, तर त्याने तो माझ्या हातातूनच घेतला.

दुपारी बोरिवलीच्या नव्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला.

"ताई, डबा उघडला तर वास अगदी आमच्या सासूबाई करायच्या तसा आला. पण दोन तास झाले, कावळा शिवतच नाहीये. त्यांची काय इच्छा राहिली असेल, कळत नाही. फोटो पाठवते, ताट नीट वाढलंय ना बघा."

मी फोटो मोठा केला.



ताटामागे, हार घातलेल्या फ्रेममध्ये, आई होती.