जागा पुरली नाही

सव्वीस वर्षं फौजेत काढून, कारगिल बघून सुभेदार विश्वास गमरे परळच्या चाळीत परतले, आणि निवडणुकीच्या तोंडावर वॉर्डातल्या सौमित्रदादांना त्यांची आठवण झाली. दादांच्या माणसांनी वर्दीतला फोटो मागितला. गमरेंनी तो आनंदानं दिला.

हिंदमाताच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. पुरुषभर उंचीचे गमरे, छातीवर पदकं, शेजारी हात जोडून दादा. खाली मजकूर: ‘वीर सुभेदार विश्वास यांचा दादांना जाहीर पाठिंबा!’ त्याखाली बावीस शुभेच्छुक, प्रत्येक जण आडनावासकट.

बायको, सीमा, फ्लेक्सकडे बघत म्हणाली, “फोटो झकास आलाय हो. पण हे आडनाव नसलेले गृहस्थ कोण?”

गमरेंनी दादांच्या कार्यकर्त्याला, मंगेशला, गाठलं. “आडनाव कुठंय रे माझं?”

“जागा पुरली नाही, काका.” मंगेशनं मान खाजवली. “आणि खरं सांगू? आडनाव वाचलं की लोक जातीवर जातात. वर्दी कशी, सगळ्यांना चालते.”

“बरोबर आहे तुझं,” गमरे म्हणाले. त्याच्याबरोबर कटिंग प्यायले आणि घरी जाऊन सीमाला कपाटातली कागदपत्रं काढायला सांगितली.

पंधरा दिवसांनी त्याच नाक्यावर, दादांच्या बरोब्बर समोर, दुसरा फ्लेक्स लागला. वर बारीक अक्षरात ‘अपक्ष उमेदवार’, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द: गमरे.

मंगेश धावतच आला. “अहो काका, वर्दीतला फोटो कुठंय?”

“जागा पुरली नाही रे.”