बारा डब्या

पडद्यावर लाल पट्टी उमटली, तेव्हा साडेतीन वाजले होते. चारला औषधांची गाडी सुटणार आणि उद्यापासून आठवडाभर सुट्टी. टोकियोतल्या औषध-वितरक कंपनीत ऑर्डरी तपासणाऱ्या स्वरूपाने आकडा पुन्हा वाचला. डोंगरातला एक लहानसा दवाखाना महिन्याला मॉर्फिनच्या दोन डब्या मागवत असे. आज त्याने एकदम बारा मागवल्या होत्या.

तिने फोन लावला. तिथल्या वयस्कर फार्मासिस्ट मोरिता-सान अदबीने सांगू लागल्या. एका कर्करुग्णाला समुद्राकाठी मुलीच्या घरी जायचे होते, बहुधा शेवटचे. सुट्टीत तिथलेही दवाखाने बंद. पुढे परत कधी येणार, ते सांगता येत नव्हते. पुन्हा पुन्हा मागवून ड्रायव्हरला सुट्टीत धावायला लावू नये, म्हणून त्यांनी सारे एकदम मागवले होते.

स्वरूपाचा विश्वास बसला, आणि तिथेच तिचा गोंधळ सुरू झाला. तिने वरिष्ठ कुबो-सानना विचारले. त्यांनी नियमावलीचे पान पुढे सरकवले. संशयास्पद ऑर्डरीची, अमेरिकी कायद्यातून उचललेली व्याख्या तीन ओळींची होती: नेहमीपेक्षा मोठी, नेहमीच्या रीतीहून वेगळी, नेहमीपेक्षा वरचेवर. तिन्हींतले एक पुरे. अशी ऑर्डर सोडायला मुख्य कचेरीची लेखी परवानगी हवी, आणि मुख्य कचेरी दुपारीच बंद झाली होती.

"पण त्या खोटं बोलत नाहीयेत," स्वरूपा म्हणाली.

"स्वरूपा-सान, माणूस कसा आहे हे आपल्याला विचारलेलंच नाही. ऑर्डर कशी आहे, एवढंच विचारलंय."

"आणि मला जे वाटतं ते?"

"त्याला रकाना नाही."

ऑर्डर अडली असल्याचे तिने फोनवर कळवले. मोरिता-साननी हळूच विचारले, "म्हणजे नेहमीसारख्या दोन-दोन मागवल्या असत्या, तर अडल्या नसत्या का?"

अडल्या असत्या म्हणावे तर ते खोटे; नेहमीच्या दोन कधीच अडत नव्हत्या. अडल्या नसत्या म्हणावे तर नियम चुकवायची वाट आपणच दाखवल्यासारखे. तिला यातले एकही जमेना. ती गप्प राहिली. या देशात गप्प राहणेही ऐकले जाते, हे नऊ वर्षांत ती शिकली होती; पण ते तिला आठवले मोरिता-साननी आभार मानून फोन ठेवल्यावर.

चारला दहा मिनिटे असताना जुनी ऑर्डर रद्द झाली. तिच्या जागी नवी आली: दोन डब्या. पट्टी हिरवी. स्वरूपाने सुटकेचा निःश्वास टाकला. मिनिटभरात आणखी दोन डब्या. हिरवी. पुन्हा दोन.

या वेळी पट्टी लाल झाली. कारणही यंत्रानेच भरले: वरचेवर मागणी.

कुबो-सान तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. औषधे पळवणारे लोक मोठी ऑर्डर अशीच तुकड्या-तुकड्यांनी काढतात, हे प्रशिक्षणात त्यांनीच तिला शिकवले होते.

"मघाशी नव्हता," ते म्हणाले, "पण आता मलाही संशय येतोय."

स्वरूपाने शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवले. तिसऱ्या ऑर्डरीखाली मोरिता-साननी लिहिले होते: 'सारखा त्रास देते आहे. क्षमा असावी.'