फुल कप

आदिलाबादच्या त्या शेअर ब्रोकरच्या ऑफिसातून एखाद्या गिऱ्हाईकाच्या संशयास्पद व्यवहारांचा रिपोर्ट दिल्लीला सरकारकडे गेला, की त्या गिऱ्हाईकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, असा कायदाच आहे. म्हणून मॅनेजर हर्षदीपनं स्टाफला पढवून ठेवलं होतं, "रिपोर्ट गेला का त्या मानसाशी लई गोड वागाचं. फुल कप चहा, दोन उस्मानिया बिस्किटं, अन् घरच्या म्हाताऱ्यायची चौकशी." ऑफिसातल्या लोकांना, खुद्द हर्षदीपलाही, रोज अर्धाच कप मिळायचा.

हर्षदीपची आई भागीरथाबाई वारली, त्याला वर्ष झालं. मातीला सगळं ऑफिस आलं होतं. पण याच ऑफिसातल्या तिच्या खात्यावर तो अजून शेअर घेत-विकत होता. तिच्या मोबाईलवर ओटीपी यायचा, हा टाकायचा. थांबायचं कधी, ते त्याला सुचलंच नाही.

सोमवारी तो खुर्चीत बसतो न बसतो, तोच रिपोर्ट पाठवायचं काम बघणारी मैत्री स्वतः चहा घेऊन आली. फुल कप. बशीत दोन बिस्किटं.

"घ्या ना सर, गरम हाय. आई बऱ्या हायत ना?"